टेफ्लॉन बुशिंगचे सर्व्हिस किट : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतून वडोदऱ्यात परतलेल्या एका कुटुंबाच्या स्टाइनवे ग्रँड पियानोसाठी मी हे किट मागवले. न्यूयॉर्कच्या कारखान्याने 1962 पासून सुमारे वीस वर्षे कापडाऐवजी टेफ्लॉनची बुशिंगे, म्हणजे हलत्या सांध्यातली धातूची पिन ज्यात फिरते ती बारीक अस्तरे, वापरली. हा पियानो त्याच काळातला. वाचकांना एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

रीमर, म्हणजे भोक कापून रुंद करणारे हत्यार, उत्तम आहे. टेफ्लॉन सोलले न जाता स्वच्छ कापले जाते. मात्र रीमर निमुळता असल्यामुळे एकाच बाजूने जास्त फिरवला तर भोकाचे तोंड रुंद होते आणि आतला भाग अरुंदच राहतो. म्हणून थोडे कापून नंतर सरळ बर्निशरने (भोक घासून गुळगुळीत करणाऱ्या सळईने) माप पक्के करावे. हॅमर शँकच्या (तारेवर आपटणाऱ्या हातोडीच्या दांड्याच्या) फ्लँजमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या आधारात, घर्षण (सांधा हलवायला लागणारा जोर) साधारण चार ग्रॅमच्या आसपास आले की मी हात थांबवतो. कापडी बुशिंगला लावतो तसे पाणी किंवा स्पिरिट येथे लावून उपयोग नाही, कारण टेफ्लॉन काहीच शोषत नाही.

माझा खरा राग पिनांच्या पाकिटांवर आहे. वीस नंबरची पिन इंचाचे पन्नास हजारांश, म्हणजे 1.27 मिलीमीटर जाडीची असते आणि पुढचे माप त्याहून इतके किंचित जाड असते की डोळ्यांना फरक कळणे शक्य नाही. अशा वस्तूवरचा नंबर विक्रेत्याने घामाच्या बोटानेही पुसला जाईल अशा शाईने छापावा, हे अनाकलनीय आहे. तक्रार केली, तर पाकिटे काळजीपूर्वक हाताळण्याचा सल्ला मिळाला. जणू वडोदऱ्यात मे महिन्यात माणसाला घाम येत नाही! शेवटी मायक्रोमीटर विकत घ्यावा लागला, त्यामुळे किटच्या किमतीत तोही खर्च धरावा. रीमरच्या मुठीची पकडही सुटली होती, पण ती मकरपुरा जीआयडीसीतल्या लेथवाल्याने नव्या मुठीच्या किमतीच्या अंशात नीट करून दिली.

उन्हाळ्यात माझे मत असे होते की या किटमध्ये पिना आणि रीमर एवढेच कामाचे असून जाड मापाची बुशिंगे व ती दाबून बसवण्याचे साधन हा केवळ किंमत फुगवण्याचा प्रकार आहे. ऑगस्टमध्ये ते बदलले. उन्हाळ्यात शांत असलेल्या सुरांतून टकटक ऐकू येऊ लागली आणि पिन तपासली तर ती बुशिंगमध्ये अगदी बरोबर बसलेली होती. सैल झाले होते ते लाकडातले बुशिंगच. लाकूड दमटपणाने फुगते, टेफ्लॉन जसेच्या तसे राहते, आणि दोघांमधली पकड जाते. तेथे जाड पिन घालणे निरर्थक असते. जुने बुशिंग ढकलून काढावे आणि जाड मापाचे दाबून बसवावे, एवढाच मार्ग उरतो. टेफ्लॉनला साधा गोंद धरत नाही. हे काम त्या साधनाने इतके सरळ होते की त्याच्या किमतीबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो, पाकिटांबद्दलची नाही.

डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारे भाग) वगळता प्रत्येक सुरामागे चार सेंटर (पिनेचे सांधे) आणि प्रत्येकात दोन बुशिंगे, म्हणजे 88 सुरांची 352 सेंटर आणि 704 बुशिंगे होतात. सर्व बदलण्यापेक्षा नवे कापडी बुशिंगचे शँक व विपन (कळीची हालचाल हातोडीपर्यंत नेणारा भाग) घेणे अधिक शहाणपणाचे, असे मी मालकांना सांगितले आहे, पण आयातीचा खर्च ऐकून त्यांनी टकटकणारे सूर तेवढे दुरुस्त करण्याचे ठरवले. त्यासाठी किट पुरेसे आहे. यापुढे मी फक्त जाड मापाची बुशिंगे मागवणार असून पिना दुसऱ्या विक्रेत्याकडून, नंबर छापलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत घेणार आहे.