शिप्स बेल सांगून साधं टोल्याचं घड्याळ विकतायत, पैसे द्यायच्या आधी साडेतीनचे टोले ऐका

बोटीवरचं, शिप्स बेल म्हणजे बोटीच्या पद्धतीने घंटेचे टोले वाजवणारं जुनं पितळी घड्याळ घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर प्लीज हे आधी वाचा. माझे ३८,००० रुपये गेलेत आणि ज्याने घेतले तो अजूनही तशीच घड्याळं विकतोय, फोटो बदलून, नाव बदलून.

आमचे बाबा मर्चंट नेव्हीत होते, साठच्या दशकात माझगावला उभी असायची त्या डफरिन ट्रेनिंग शिपवर शिकलेले, पुढे चीफ ऑफिसर म्हणून कित्येक वर्षं पहाटे चार ते आठची वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, केलेली. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं म्हणून आम्हा भावंडांनी ठरवलं की शाल-नारळ तर सगळेच देतील, आपण त्यांना घंटेचे टोले देणारं बोटीवरचं घड्याळ देऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण सगळी फसवणूक इथेच होते. बोटीवर वॉच चार तासांची, आणि दर अर्ध्या तासाला एक टोला वाढत जातो. साडेबाराला एक, एकला दोन, दीडला तीन, असं करत चारला आठ, मग साडेचारला परत एकपासून सुरू. म्हणजे आठ टोले फक्त चार, आठ आणि बाराला, दिवसाही आणि रात्रीही. आणि टोले जोडीने पडतात, टणटण... टणटण... आणि आकडा विषम असेल तर शेवटचा एकटा. घरच्या टोल्याच्या घड्याळात जितके वाजले तितके सरळ एकामागून एक टोले आणि अर्ध्याला एक. आता बघा, सकाळी आठला दोन्ही घड्याळं आठच टोले देतात! साडेबारा, साडेचार, साडेआठला दोन्ही एकच देतात. ह्या वेळा विकणाऱ्याला पक्क्या पाठ असतात.

आमच्या विक्रेत्याने सांगितलं की माल गुजरातमधल्या अलंगचा आहे, फुटायला आलेल्या ब्रिटिश बोटीवरून काढलेला, कॅप्टनच्या केबिनमधला. अलंगचं नाव काढलं की माणूस विश्वास ठेवतो, कारण १९८३ पासून तिथे खरंच बोटी फोडतात आणि रस्त्याला बोटीच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. व्हिडिओ पाठवला, काटा आठवर, टोले जोडीजोडीने, एकदम बरोबर. तरी मी म्हटलं लाइव्ह दाखवा, तर लगेच तयार, "उद्या सकाळी आठला कॉल करतो साहेब." कॉल केला, आठ टोले मोजले, नेटवर्क तुटत होतं त्यामुळे मधलं अंतर काही कळलं नाही पण मोजणी आठच भरली. अर्धे पैसे यूपीआयने आधी घेतले, उरलेले कुरियर निघताना.

घड्याळ आलं, दिसायला देखणं, जड. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी लावलं, बाबा समोर खुर्चीत. चार वाजले आणि चारच टोले पडले, सरळ, जोड्या नाहीत. बाबा म्हणाले, "अरे चारला आठ पाहिजेत, हे बोटीचं नाही." साडेचारला एक वाजला तो योगायोगाने बरोबर, पाचला दोनऐवजी पाच. पाहुण्यांसमोर बाबा काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा मी बघत होतो, आणि त्या माणसाला मी माफ करणार नाही.

फोन केल्यावर उत्तर तयारच होतं, म्हणे प्रवासात टोले सरकलेत, काटे फिरवून जुळवून घ्या. हे नीट लक्षात ठेवा कारण ही थाप तुम्हालाही मारतील. खऱ्या शिप्स बेलचे टोले सरकू शकतात, ते खरं आहे, पण सरकले तरी दर अर्ध्या तासाला एकेक वाढत आठपर्यंत जातात आणि जोडीनेच पडतात. प्रत्येक अर्ध्याला नुसता एक टोला पडत असेल तर ते सरकलेलं नाही, ते घड्याळच वेगळं आहे. मी हे सांगितलं तर त्याने मला ब्लॉक केलं.

ओळखीच्या जुन्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण काढून दाखवलं की डबा नवा, आतलं यंत्र कपाटावर ठेवायच्या टेबल-घड्याळातलं, ते बसवायला पट्ट्या कापून नवीन भोकं पाडलेली. पितळ बाहेरून काळपट पण स्क्रू काढल्यावर डोक्याखाली तसंच काळं, म्हणजे ॲसिड मारून जुनं केलेलं, कारण नैसर्गिकरीत्या काळवंडलं असतं तर झाकलेली जागा वेगळी दिसली असती. डायलवर लाल-हिरव्या पट्ट्या होत्या, त्या बघून बाबांना जास्त राग आला. त्या पट्ट्या रेडिओ रूमच्या घड्याळावर असायच्या, हिरव्या तासाला आणि अर्ध्या तासाला, लाल पाव आणि पाऊण तासाला, तेव्हा तीन तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून डिस्ट्रेस कॉल ऐकायचा त्यासाठी. तिथे घड्याळाने टोले द्यायचे? कोणी बुडत असेल त्याचा आवाज ऐकायचा तर! त्याच डायलवर "केल्विन अँड ह्यूज लंडन १९१७" छापलंय. ह्या दोन नावांची मिळून कंपनी झाली ती १९४७ साली. हे नाव आणि हे साल एकत्र दिसलं की तो पीस नकली, मग दुर्बीण असो, कंपास असो.

आणि अलंगबद्दल पण बोलतो. मोठ्या मालवाहू बोटींवरून निघणारी घड्याळं बहुतेक स्लेव्ह क्लॉक असतात, म्हणजे एका मास्टर घड्याळाच्या विजेच्या इशाऱ्यावर चालणारी, त्यांना ना चावी ना टोले. दुकानदार आत बॅटरीचं यंत्र टाकून विकतात आणि तसं सांगून विकत असतील तर काही गैर नाही. पण टोले देणारं चावीचं घड्याळ हवं असेल तर अमेरिकेतल्या चेल्सी कंपनीचं, जर्मन शॅट्झचं रॉयल मरीनर, नाहीतर सेथ थॉमसचं शोधा. चेल्सीच्या यंत्रावर सिरियल नंबर असतो आणि कंपनीकडे जुन्या नोंदी आहेत, नंबरवरून घड्याळ कधी विकलं ते कळतं. नंबरचा फोटो द्यायला टाळाटाळ केली की निघा तिथून. लंबक असेल तर बघायचीच गरज नाही, डोलणाऱ्या बोटीवर लंबक चालत नाही. चावीची दोन भोकं दाखवून "बघा, टोल्याची वेगळी चावी" म्हणतील, पण ती साध्या टोल्याच्या घड्याळालाही असतात, त्याने काही सिद्ध होत नाही.

साडेतीनला लाइव्ह कॉल करायला सांगा. सात टोले यायला पाहिजेत, तीन जोड्या आणि एक सुटा. साडेतीन जमत नसेल तर साडेदहा, पाच टोले. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका, माझ्या व्हिडिओत मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात आणि टोले सुरू झाले की हॉर्न गायब, आवाज वरून चिकटवलेला आहे. एक मात्र सांगतो, कोणी जुना नाविक म्हणेल की ब्रिटिश पद्धतीत संध्याकाळी साडेसहाला एक टोला पडतो, डॉग वॉचमुळे, म्हणजे चार ते आठची पाळी दोन-दोन तासांत तोडतात त्यामुळे, आणि हे घड्याळ पाच देतंय म्हणजे खोटं. तसं नाही, चावीच्या घड्याळाला डॉग वॉच कळत नाही, ते पाचच देणार, त्यावरून चांगला पीस सोडू नका.

माझ्या बिलावर "ब्रास शोपीस, नो रिटर्न" असं लिहिलंय. ते मी बॉक्स उघडल्यावर पाहिलं कारण बिल बॉक्सच्या आत होतं, आणि आता तो म्हणतो मी शोपीसच विकला. पण चॅटमध्ये त्याने शिप्स बेल, ओरिजिनल, अलंग असं सगळं स्वतः टाईप केलंय, ते स्क्रीनशॉट आणि घड्याळजींचं लेखी मत जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. ह्याच माणसाकडून कोणी घेतलं असेल तर तुमचे चॅट डिलीट करू नका आणि मला मेसेज करा, दोघातिघांच्या तक्रारी असतील तर "एकच गैरसमज झाला" असं त्याला म्हणता येणार नाही.