कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी (१२वी आवृत्ती): शंकासूरामुळे घरात आली

लेकीला शाळेत अंगणातल्या झाडांची शास्त्रीय नावं लिहून आणायला सांगितलेली. आमच्या शिरोड्याच्या घरी विहिरीजवळ शंकासूर आहे, लालभडक पाकळ्यांना पिवळी कड आणि मधून लांबच लांब केसर बाहेर आलेले, त्याचं नाव निघालं सीसॅल्पिनिया पल्चेरिमा. आई वाल सोलत बसलेली, ती म्हणाली, "ह्या फुलाक येवढां मोठां नाव कित्याक?" मलाही सांगता येईना आणि पावसात रेंजचा पत्ता नाही, म्हणून शेवटी ही डिक्शनरी मागवली, सेकंड हँड, ४५० रुपयांत. कुरियरवाला भर पावसात पायरीवर टाकून गेला ते अजिबात आवडलं नाही, पण आतलं प्लास्टिक जाड होतं म्हणून वाचली.

पल्चेरिमा असं थेट नाही सापडलं, पण तिथेच जवळ 'पल्क्रिट्यूड' मिळाला. अर्थ चक्क सौंदर्य! कानाला इतका खडबडीत शब्द आणि अर्थ एवढा देखणा, मी तर दोनदा वाचलं. या डिक्शनरीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अर्थाखाली शब्दाचं मूळ दिलेलं असतं. लॅटिनमध्ये 'पुल्केर' म्हणजे सुंदर, त्यावरून 'पुल्क्रितुदो', आणि तिथून तो मध्ययुगातल्या इंग्रजीत आला. मग लेकीनेच ब्यूटी काढून बघितलं, तर तो आला जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन 'बेल्लुस'. म्हणजे एकाच भाषेतले सुंदरचे दोन शब्द, एक रोजच्या तोंडात बसला आणि दुसरा पुस्तकातच राहिला. पल्चेरिमा म्हणजे मग 'सगळ्यात सुंदर', हे आईला सांगितलं तेव्हा तिने वाल बाजूला ठेवून फुलाकडे नीट बघितलं.

मला तेव्हा आपलं 'लावण्य' आठवलं, ते लवणावरून, म्हणजे मिठावरून आलंय. १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला त्या शिरोड्यात राहून, मिठागरं रोज डोळ्यांसमोर असून, हे लेकीला मी आजवर कधी सांगितलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

पहिली आवृत्ती १९११ ची, फाउलर बंधूंनी केलेली, आणि ही बरोबर १०० वर्षांनी २०११ ला आलेली. सगळं इंग्रजीतून इंग्रजीत आहे, त्यामुळे लहान मुलाच्या हातात नुसती देऊन चालणार नाही, शेजारी बसावं लागतं. आठवी-नववीच्या पुढे मात्र बिनधास्त घ्या.

आपल्याकडच्या दमट हवेत एक करा, जून ते सप्टेंबर भिंतीच्या कपाटात ठेवू नका, पानं फुगून बुरशी धरते. आम्ही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, ऊन पडलं की पडवीत तासभर उघडी ठेवतो, अजून एकही पान चिकटलेलं नाही.