रीचर सुरू करायचा तर किलिंग फ्लोअर का डाय ट्राइंग?

नव्या पेठेतला दोस्त अडलाय, ली चाइल्डच्या जॅक रीचर या हिरोच्या थ्रिलर सिरीजमधलं पहिलं पुस्तक किलिंग फ्लोअर (1997) घेऊ का अपहरणवालं डाय ट्राइंग (1998). पकड म्हणशील तर दुसरं, शिकागोत ड्रायक्लीनिंगचे कपडे अन् कुबडी सांभाळत हॉली नावाची बाई बाहेर येते, रीचर हात द्यायला जातो आणि दोघंबी बंदूकवाल्यांच्या ताब्यात, थेट मोंटाना! मधे मात्र लै पाल्हाळ, पळवून नेणाऱ्या मिलिशियाच्या (खासगी हत्यारबंद टोळीच्या) म्होरक्याची भाषणं मी सरळ उलटली. पहिल्यात रीचर स्वतःच 'मी' म्हणून सांगतो त्यामुळं माणूस कळतो, दुसऱ्यात ती मजा नाही, पण आधीचं वाचलं नसलं तरी अडत नाही. सोलापूर-पुणे गाडीत टाइमपास पाहिजे तर डाय ट्राइंग, अख्खी सिरीज धरणार असशील तर किलिंग फ्लोअर, फक्त ते जेवताना वाचू नको, लै रक्तपात आहे.