थंड समुद्रातील समुद्रकाकड्या, खानापूरच्या प्रयोगशाळेत: एका प्रतिकृती-संचाचा परिचय

खानापूर तालुक्यातील ज्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो, तेथे कंटकचर्मी, म्हणजे समुद्रतारे, समुद्रकाकड्या अशा काटेरी कातडीच्या गटातील प्राण्यांचा पाठ आला की कपाटातून एक जुनी बरणी बाहेर निघत असे. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे राहून पांढरीफटक पडलेली, आक्रसून बोटभर उरलेली ती समुद्रकाकडी, म्हणजे समुद्रतळावर राहणारा काकडीसारखा लांबट प्राणी, पाहून विद्यार्थ्यांना ना काकडी आठवे, ना समुद्र. नवा नमुना आणणे शक्य नव्हते, कारण २००१ मध्ये आपल्याकडील सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे पकडण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत, घातल्या गेल्या. म्हणून गेल्या जूनमध्ये बेळगावातील शास्त्रीय साहित्याच्या एका विक्रेत्याकडून साडेसहा हजार रुपयांना थंड समुद्रातील समुद्रकाकड्यांच्या सहा जातींच्या रेझिन प्रतिकृती, चौदा छायाचित्र-पत्रे आणि एक पुस्तिका असा संच मागवला. वर्षभर वापरल्यावर त्याविषयी लिहीत आहे.

संचातील सर्वांत चांगली प्रतिकृती उत्तर अटलांटिकमधील कुकुमारिया फ्रॉन्डोसाची आहे. मेनच्या आखातापासून न्यूफाउंडलंड, आइसलँड, नॉर्वेपर्यंत खडकाळ, वाहत्या पाण्याच्या तळावर राहणारा हा प्राणी. जाड, चामड्यासारखी कातडी, अंगावर नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांच्या, पाच रांगा आणि तोंडाभोवती झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली दहा शुंडके, म्हणजे अन्न पकडण्याचे अवयव, हे सारे इथे नेमके उतरले आहे. ही शुंडके प्रवाहात पसरून हा प्राणी तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक पकडतो, आणि मग एकेक शुंडक तोंडात घालून पुसून घेतो, जेवताना आपण बोटे चाटतो तसे. उत्तरेकडील समुद्रात असे खाद्य वर्षभर सारखे मिळत नाही, त्यामुळे प्लवक विरळ झाले की प्राणी शुंडके आत ओढून घेतो आणि नुसता गोळा होऊन राहतो. संच बनवणाऱ्याने पसरलेला आणि मिटलेला असे दोन्ही आकार दिले आहेत. हे शहाणपण मला विशेष वाटले, कारण मिटलेला गोळा दुसऱ्याच जातीचा आहे अशी माझ्या वर्गातील निम्म्या मुलांची पहिली समजूत झाली होती.

त्याच्या शेजारी सोलस ही दुसरी समुद्रकाकडी ठेवली की फरक सांगावा लागत नाही. सोलस खडकाला चिकटून बसतो. त्याची खालची बाजू चपटी, मऊ तळव्यासारखी असते, तर पाठीवर एकावर एक चढलेल्या कठीण खवल्यांचे कवच असते. तिसरा मोल्पाडिया. तो चिखलात तोंड खाली करून गाडून घेतो आणि श्वासासाठी शेपटीसारखे टोक वर ठेवतो. चिकटण्याची वा चालण्याची गरज उरली नाही तेव्हा अंगभर नलिकापाद कशाला हवेत, म्हणून ते त्याला नाहीत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतून येणाऱ्या मुलांनी त्याला पाहताक्षणी ‘रताळे’ म्हटले. ज्यांच्या घरची रताळी पोत्यांनी बाजारात जातात त्यांच्या डोळ्यांना दिसलेले साम्य खोटे कसे म्हणावे? शास्त्रज्ञही तांबूस-जांभळ्या झाकेमुळे आणि आकारामुळे त्याला हेच टोपणनाव देतात. त्यानंतर माझ्या वर्गात ‘काकडी’ हा शब्द मागे पडला. काही कन्नड भाषक विद्यार्थी मात्र अजूनही ‘समुद्र सौतेकायी’ असेच म्हणतात, आणि तेही बरोबरच आहे.

माझा मुख्य आक्षेप पुस्तिकेवर आहे. तिच्या पहिल्याच पानावर, थंडीमुळे या प्राण्यांची शरीरे अशी घडली, असे सरसकट विधान आहे. प्रतिकृतीच त्याविरुद्ध साक्ष देतात. थंड पाणी या सर्वांना समान आहे. तरीही एक फांद्या पसरतो, एक कवच धरतो, एक रताळ्यासारखा चिखलात शिरतो. आकार ठरतो तो मुख्यतः तळ कसा आहे, पाणी किती वाहते आणि अन्न वरून येते की खालच्या गाळात सापडते यांवरून. खोल समुद्राच्या सपाट चिखलावरील स्कोटोप्लेनिस या संचातल्याच समुद्रकाकडीचे पाहा. पाणी भरून ताठ केलेल्या मोजक्या, जाड नलिकापादांवर तो पायांवर चालावे तसा चालतो. तसे पाय वाहत्या खडकाळ तळावर काय कामाचे? थंडीचा वाटा नाही असे मी म्हणत नाही. अंटार्क्टिक प्रदेशातील काही जाती पिल्लांना पाण्यात सोडून न देता अंगाशी सांभाळतात, आणि त्याचा संबंध तिथल्या थंडीशी व अन्नाच्या तुटवड्याशी जोडला जातो. परंतु पुस्तिकेत नेमके हेच नाही.

एकाच जातीतील भेद दाखवण्यासाठी जपानी समुद्रकाकडीची, म्हणजे ॲपोस्टिकोपस जॅपोनिकसची, लाल आणि हिरवी अशी दोन रूपे दिली आहेत. काळे रूप केवळ छायाचित्रात आहे. लाल रूप बहुधा किनाऱ्यापासून दूरच्या खडकाळ, खड्यांच्या तळावर, तर हिरवे आणि काळे किनाऱ्याजवळच्या वाळूत व चिखलात सापडते. या भागाचे स्पष्टीकरण चांगले आहे, आणि पाठीवरील काटेरी उंचवटेही सुबक आहेत. चीनच्या बाजारात जितके उंचवटे तितका भाव, हे सांगितल्यावर मुलांनी ते मोजायला घेतले. मात्र हा प्राणी उन्हाळ्यात पाणी सुमारे २० अंशांच्या वर गेले की खाणे थांबवतो, त्याचे आतडे आक्रसते आणि वजन घटते, ही गोष्ट पुस्तिकेत सापडली नाही. थंड पाण्याचा प्राणी ऋतूनुसार स्वतःच्या अंगातच कसा बदलतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मे महिन्यात ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून चालत येणाऱ्या आमच्या मुलांना हे लगेच पटले असते.

आता उणिवा. सर्व प्रतिकृती सुमारे १५ सेंटिमीटरच्याच आहेत. स्कोटोप्लेनिसला ते साधारण शोभते. परंतु कुकुमारिया फ्रॉन्डोसा अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो हे मुलांना फळ्यावर रेघ ओढून दाखवावे लागले. मापनपट्टी कोणत्याही प्रतिकृतीवर नाही. कुकुमारियाचा अंगरंगही नारिंगी दिला आहे. इंग्रजी नावात ‘नारिंगी पायांची’ असा उल्लेख असल्याने रंगवणाऱ्याने पायांचा रंग सगळ्या अंगाला फासला असावा, कारण प्राणी सहसा काळपट तपकिरी असतो. यापेक्षा गंभीर चूक सहाव्या जातीच्या प्रतिकृतीत आहे. अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत आढळणारी मोठी लाल समुद्रकाकडी गाळ टिपून खाते. तिच्या तोंडाभोवती पुसण्याच्या फडक्यासारखी वीस आखूड शुंडके असतात, तर इथे कुकुमारियासारखीच दहा लावली आहेत. अन्न मिळवण्याच्या पद्धतीवरून भेद शिकवायचा आणि नेमका तोच अवयव चुकवायचा, हे मला खपले नाही.

रेझिनची एक मर्यादा मात्र कोणाची चूक म्हणता येणार नाही. हे प्राणी क्षणात ताठ होतात आणि क्षणात विरघळल्यासारखे मऊ पडतात. कातडीतील संयोजी ऊतीची, म्हणजे शरीर बांधून धरणाऱ्या पेशीजालाची, ताठरता ते स्वतः बदलू शकतात. त्यामुळे लांबी मोजणे हा प्रत्यक्षातही मोठा घोळ असतो, आणि प्रतिकृती त्या घोळावर पांघरूण घालते.

या साऱ्याची भरपाई छायाचित्र-पत्रांनी केली. कातडीत विखुरलेल्या चुनखडीच्या सूक्ष्म कणिका सूक्ष्मदर्शकातून कशा दिसतात ते त्यांत आहे: सोलसच्या जाड छिद्रयुक्त पट्ट्या, आर्क्टिकमधील मायरिओट्रोकसची बैलगाडीच्या चाकासारखी आरेवाली चक्रे, आणि कुकुमारियाच्या पिल्लांत भरपूर असूनही प्रौढांत विरळ होत जाणाऱ्या पट्ट्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखण्यासाठी अभ्यासक मुख्यतः यांच्यावरच विसंबतात. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींनी ही पत्रे प्रयोगवहीत इतक्या काळजीने उतरवली की मीही जुनी टिपणे काढून पुन्हा वाचली. पत्रांवरील मजकूर इंग्रजीतच आहे, कन्नड व मराठी अनुवाद आम्हीच करून खाली चिकटवला.

वेष्टन भक्कम होते. घाटरस्त्याने येऊनही केवळ सोलसचे एक शुंडक तुटले. ज्यांना प्राण्यांचा बाह्य आकार आणि तळ यांचा संबंध शिकवायचा आहे त्यांनी हा संच घ्यावा, पुस्तिका मात्र शिक्षकाने आधी स्वतः वाचून दुरुस्त करावी. ज्यांना केवळ कणिका शिकवायच्या आहेत त्यांनी विक्रेत्याकडे नुसती पत्रे मिळतात का ते विचारावे. लाल समुद्रकाकडीची चूक मी पुरवठादाराला पत्राने कळवली आहे आणि त्याने बदलून देण्याचे कबूल केले आहे. नवी प्रतिकृती येईपर्यंत आमच्या विद्यार्थ्यांनी एम-सीलची आणखी दहा आखूड शुंडके करून जागी बसवली आहेत. त्यांतील तीन जरा जास्तच जाड झाली आहेत.