सावद्याच्या पेंटरकडून करून घेतलेल्या तीन पाट्या: चार वर्षं वापरल्यानंतर

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी पत्र्याच्या तीन पाट्या हाताने रंगवून घेतल्या. दोन फूट बाय एक फुटाच्या दोन, चारशे रुपयांना एक. तिसरी तीन फूट बाय दीड फूट, तिचे साडेसहाशे. एकूण साडेचौदाशे रुपये. पेंटरभाऊ सावदा-फैजपूर रस्त्याच्या एका गाळ्यात बसतात. साठीच्या पुढचे आहेत, फ्लेक्स करत नाहीत, ब्रशनेच लिहितात. तिन्ही पाट्या अजून घरात आणि शेतात लागलेल्या आहेत, म्हणून आता लिहिते आहे.

आमची तीन एकर केळी आहे, रावेर तालुक्यात. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, सहा बाय पाच फुटांवर, साधारण चार हजार तीनशे खोडं. जुलै २०२१ मध्ये मिस्टरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लकवा रात्री झोपेत मारला की पहाटे, हेच आम्हाला सांगता आलं नाही, त्यामुळे ती वेळ आमच्या हातून गेली. (हे पाटीच्या अभिप्रायात बसत नसेल, तरी लिहिते. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. घड्याळ बघा आणि निघा.)

ऑगस्टमध्ये बागेत हरण्या आला. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक म्हणतात, सीएमव्ही. ढगाळ हवा, रोज पाऊस, मावा वाढलेला. पानांवर पिवळे पट्टे दिसतात आणि रोप तिथंच थांबतं. त्याला औषध नाही. उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन पुरायचं, नाहीतर मावा पुढच्या रोपावर नेतो. चौदा रुपयांचं एक रोप. आम्ही नऊशेच्या वर उपटली.

पहिल्या पाटीवरचे शब्द तिथलेच. उपटायला सुरुवात केली त्या सकाळी मी बांधावर उभी राहून सगळा तुकडा बघत होते. जिकडे बघावं तिकडे पिवळं. हात चालेना. निंदणीला येणारी एक आजी, माझ्या सासूच्या वयाची, बाजूला येऊन म्हणाली, "माय, सारं वावर काय पाहतं? आपली पात पाह्य." निंदायला बायका ओळीने बसतात आणि ज्या पट्ट्यात जी बसते ती तिची पात, एवढं तर मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते असं कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. मी खाली बघितलं. माझ्या पातीत आठ रोपं वाईट होती. आठ उपटता येतात.

त्याआधी घरात एक तयार पाटी होती. जळगावहून कुणीतरी भेट आणलेली, काचेखाली छापलेली, सोनेरी कडेची. मनाची जिद्द, विजय, पर्वत असं काहीसं. आणणाऱ्याने मायेने आणली होती, म्हणून मी ती खाटेसमोर लावली. पहाटे पाचला मिस्टरांना कुशीवर वळवताना ती समोर यायची. मला तेव्हा उजव्या खांद्याखाली हात कुठे घालायचा, ते हवं असायचं. पंधरा दिवसांनी मी ती काढून कपाटावर ठेवली. शेतात फ्लेक्सही लावून बघितला. तो पुढच्या उन्हापर्यंतही टिकला नाही, वाऱ्यानेच फाटला. टिकला असता तरी आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो. फ्लेक्सचा रंग त्यात उडतोच.

मग पेंटरभाऊंकडे गेले. वहीच्या पानावर मजकूर लिहून नेला होता. मला वाटत होतं नीट लिहिलंय. "संकट कितीही मोठे असले तरी आपल्या वाट्याचे काम करत राहावे." त्यांनी वाचलं, कागद परत दिला. म्हणाले, "वहिनी, ही पाटी कुठं लावशान?" म्हटलं, बागेच्या तोंडाशी. "मंग तुम्ही तिथून जाताना उभ्या राहतीन का? चालत्या माणसाला दोन शब्द. बसल्या माणसाला चार." मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. ते लगेच म्हणाले, "तेच लिहू ना मंग." पाटीवर आलं, "आपली पात". बस. पिवळ्यावर काळं, अक्षर हातभर नाही पण वितीएवढं नक्की.

या माणसाला पैसे द्यावेत ते या कामाचे, असं माझं मत आहे. रंग कुणीही देईल. त्यांनी प्रत्येक पाटीला विचारलं, कोण वाचणार, किती लांबून, उजेड कसा, वाचणारा तेव्हा काय करत असणार. दुसऱ्या पाटीला तर ते पाण्याच्या मोटारीच्या खोलीत किती वॅटचा बल्ब आहे हेही विचारून बसले.

दुसरी पाटी स्टार्टरच्या वर आहे: "हिशोब सकाळी".

शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. आमची पाळी रात्रीची असली की एक-दीडला उठून मोटार चालू करायची, ठिबकचा वॉल्व्ह बदलायचा, फिल्टर धुवायचा, मधल्या वेळात खोलीत बसून राहायचं. आधी हे काम मिस्टरांचं होतं. त्या खोलीत मी बसले की डोक्यात हिशोब सुरू व्हायचा. सोसायटीचं पीककर्ज, रोपांची उधारी, दवाखाना, मुलाची फी. आणि तो कधी पुरा होत नसे. चारला घरी यायचे तेव्हा कर्ज दुप्पट झालेलं असायचं, मी मात्र एक रुपया खर्च केलेला नसायचा. एकदा सकाळी वही घेऊन बसले, आकडे खाली खाली मांडले, तर रात्रीच्या रकमेत आणि वहीतल्या रकमेत लाखभराचा फरक निघाला. रात्री मी दवाखान्याचं बिल दोनदा धरत होते. त्या दिवसापासून मी स्वतःला नियम लावून घेतला. वही चहानंतर, उजेडात, पेन हातात घेऊन. रात्री आकडा मनात आला तर एवढंच म्हणायचं, सकाळी.

म्हणणं सोपं आहे, पण रात्री आपलं आपल्याला आठवत नाही. म्हणून पाटी. हिरवं बटण दाबायला हात वर गेला की डोळ्यांसमोर तीच येते. ती नेमकी तिथं लावायची हेही पेंटरभाऊंचंच.

ही पाटी कुठं कमी पडते तेही सांगते, कारण कुणी वाचून नुसती पाटीच करून घेईल. २०२३ च्या उन्हाळ्यात वादळाने निसवलेली खोडं आडवी झाली. घड धरलेली, महिनाभरात कापणीला येणारी. त्यानंतर मला सकाळीही हिशोब करवेना, रात्री झोप येईना, भाकरी थापताना हात थांबायचा. तीन आठवडे असं गेलं. बहिणीने मला फोन लावून दिला, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. त्यांनी ऐकलं आणि डॉक्टरला दाखवा असं सांगितलं. मी दाखवलं. सात महिने गोळ्या घेतल्या. पाटी तेव्हाही भिंतीवर होतीच, आणि गोळ्यांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती पुन्हा वाचता येऊ लागली.

तिसरी पाटी, मोठी, खाटेसमोरची. हिच्यासाठी मी दोनदा खेटा घातला. मिस्टरांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या की समोर मोठ्या अक्षरात काही असू द्या, छोटं, रोज तेच, जोडाक्षर नको. मी "हळू हळू, पण रोज" ठरवलं. पेंटरभाऊंनी सुंदर लिहून दिलं. घरी आणलं, मिस्टरांना दाखवलं, बोट ठेवून वाचायला लावलं. ते "ह" म्हणायचे आणि अडायचे. आठ दिवस तेच. मी रडकुंडीला आले होते. मग माझ्या सासूबाई, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यो कधी हळू म्हन्ला होता का? हयू म्हन."

आमच्या तावडी बोलीत ळ नाहीच. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. पन्नास वर्षं ज्या तोंडाने हयू म्हटलं त्याला मी पुस्तकातला ळ शोधायला लावत होते. पाटी परत घेऊन गेले. पेंटरभाऊंनी एक शब्द विचारला नाही, की हे अशुद्ध आहे, लोक हसतील. पिवळा हात मारला, वाळवला, आणि लिहिलं: "हयू हयू, रोज". "पण" त्यांनीच काढला. म्हणाले, तो अर्ध्या वाटेत अडकवतो. पैसे जास्तीचे घेतले नाहीत, मी दिले तर शंभर घेतले.

दिवाळीच्या पाडव्याला मिस्टर "हयू" म्हणाले. स्पष्ट. दुसऱ्यांदा म्हणायला अकरा दिवस लागले.

आता व्यवहाराचं. पत्रा चांगला जाड आहे, हाताने वाकत नाही. आधी लाल प्रायमर, मग पिवळ्याचे दोन हात, मग अक्षरं. खडूचा दोरा ओढून रेघ मारतात, अंदाजाने लिहीत नाहीत. यंदा मे महिन्यात पुन्हा रंग देईपर्यंत खोलीतल्या दोन्ही पाट्यांचा रंग हललेला नव्हता. बागेच्या तोंडाशी असलेली पश्चिमेच्या उन्हात आहे, तिचा पिवळा फिका पडला होता, काळा टिकला होता, लांबून वाचता येत होती. खिळ्याच्या भोकांपाशी गंज चढला. चूक माझी, रंगवून आणल्यावर आम्ही घरी भोकं पाडली. तुम्ही भोकं आधी पाडून घ्या, म्हणजे कडेलाही प्रायमर लागतो.

त्यांची एक गोष्ट खटकते. गुरुवार म्हणाले की गुरुवार नसतो. दिवाळीच्या तोंडावर मला बारा दिवस जास्त लागले, तीन चकरा झाल्या, आणि आजारी माणूस घरात टाकून तीन चकरा मारणं सोपं नव्हतं. फोन उचलत नाहीत, कारण हात रंगाचे असतात. घाई असेल तर जाऊ नका. आणि मजकूर ठरवून गेलात तरी तो तसाच राहील असं धरू नका. ज्यांना आपलं वाक्य आपल्याला हवं तसंच पाहिजे त्यांना हा माणूस चालणार नाही. मला चालला. पाचपैकी साडेचार.

यंदा मे महिन्यात तिन्ही पाट्या काढून रंगाचा एक हात द्यायला नेल्या. मिस्टर काठी घेऊन सोबत आले, रिक्षातून उतरून गाळ्यापर्यंत स्वतः चालत गेले. पेंटरभाऊंनी मोठी पाटी मांडीवर घेतली, फडक्याने पुसली आणि त्यांनाच विचारलं, "मालक, आता दुसरं काही लिहू का?" मिस्टरांनी थोडा वेळ घेतला. मी मध्ये बोलले नाही.

"हेच," ते म्हणाले. आणि मग, "जरा... कायं कर." काळं कर, गडद कर.

रंगाचे तीन पाट्यांचे तीनशे रुपये झाले. या वेळी आठ दिवसांत मिळाल्या.