देवगड हापूसची पेटी, डोंबिवलीत घरपोच: पाचपैकी साडेतीन

बागायतदाराचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही आहे. पाच डझनांची पेटी मागवली. गवतात नीट रचलेली, साल पातळ, आणि झाकण काढल्याबरोबर शेजारच्या काकू दारात हजर! पण त्यात नऊ आंबे साक्याचे निघाले. वरून केशरी, कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर. फोन केला तर काका म्हणाले, "ताई, फळ तापलं की साका धरतो. यंदा मार्चातच बागेत उभं राहवेना." नऊच्या बदल्यात डझनभर पाठवले, तेही हापूसच.

भाव आईच्या मते लूट. मला तसं वाटत नाही. मोहोराला थंडी लागते. ती लांबली की मोहोरही लांबतो. मध्येच अवकाळी पाऊस आला की तुडतुडे, करपा, म्हणजे फवारणीचा खर्च. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं तर कोकणात झाडावरचं फळ झडलं, झाडंही मोडली. एवढ्या जुगारावर गडी, राखणदार, खोकी, टेम्पो असं सगळं गाव पोसायचं.

पुढच्या वर्षी इथूनच मागवेन, पण दोनच डझन.