छर्‍याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ आठ महिने वापरला: यंत्र खरं निघालं, बॅटरीनं मात्र दिवाळं काढलं

मागच्या गुरुवारी या यंत्राच्या विक्रेत्याला फोनवर नको नको ते बोललो. त्यातले निम्मे शब्द परत घेतो. उरलेले बॅटरीसाठी राखून ठेवलेत.

परभणीतली आमची १० मीटरची एअर रायफलची रेंज म्हणजे पत्र्याचं शेड. नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून पोरांची गर्दी. त्यात माझी लेकही. छर्‍याचा वेग मोजायला हे दोन सेन्सरवालं साधं यंत्र घेतलं; वरून छर्रा गेला की उजेड हलतो, तो सेन्सर टिपतात. पहिला महिना नुसता ताप. एकदा १७२, लगेच ३१०, मग 'एरर'. दोष एलईडी ट्यूबचा होता. ती आपल्याला दिसत नाही अशी लुकलुकते आणि सेन्सरला छर्राच गेल्यासारखं वाटतं. कोंबड्यांच्या खुराड्यातला १०० वॅटचा पिवळा बल्ब आणून वर टांगला. त्याची तार तापलेलीच राहते, म्हणून उजेड फारसा हलत नाही. मग १७१, १७२, १७३ मीटर सेकंदाला. खूश झालो. लाईट गेली की इन्व्हर्टर रडतो, ते चालायचंच.

पण ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी! यंत्र आपणहून बंद होत नाही. बटण विसरलं की सकाळी बॅटरी मेलेली. अ‍ॅडाप्टर लावायला यंत्राला भोक नाही. आठ महिन्यांत अकरा बॅटऱ्या झाल्या, डायरीत लिहून ठेवल्यात. एवढ्या पैशात छर्‍यांचे किती डबे आले असते! वर बॅटरी मरायला टेकली की आकडे वेडेवाकडे.

म्हणूनच त्या गुरुवारी १५० आला तेव्हा आधी बॅटरी बदलली. १४९. फोन लावला, तापलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, रायफलीत हवा बघा." म्हटलं, रायफलीवरचा हवेच्या दाबाचा काटा दीडशे बार दाखवतोय! रेंजवरच्या सरांनी रायफलीला दुसरं हवेचं सिलिंडर लावलं आणि आकडा १७२. काटाच अडकला होता, आतली हवा कधीच संपत आलेली.

आठवडाभर लेकीला "श्वास धर, खांदा हलवू नको" म्हणून टोचत होतो. १७२ चा वेग १५० झाला की १० मीटरवर छर्रा सुमारे ५ मिलिमीटर खाली लागतो, आणि निशाणावरची वर्तुळं अडीच मिलिमीटरच्या अंतरानं असतात. म्हणजे दहा गुणांचे आठ. "पप्पा, मी सांगत नव्हते का?" म्हणाली. गप्प बसलो.

विक्रेत्याला फोन करून माफी मागितली. रात्री घरी आल्यावर आठवलं, बटण चालूच राहिलं होतं. बारावी.